एमएन3005 च्या नावाखाली 29,350 रुपयांना गंडा

जुने अ‍ॅनालॉग एको (आवाजाचा प्रतिध्वनी देणारी यंत्रं) दुरुस्त करणाऱ्या, नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. एमएन3005 आयसी, म्हणजे एकोत आवाज उशिरा बाहेर सोडणारी चिप, 20 नग, 1,450 रुपयांना एक, वर कुरिअरचे 350. माझे 29,350 रुपये गेले. 15,000 आगाऊ आणि कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर 14,350, सगळे यूपीआयने.

भाव स्वस्त नव्हता, म्हणूनच विश्वास बसला. डिलक्स मेमरी मॅन या जुन्या एको युनिटमधला हा आयसी पॅनासॉनिकने बनवणं कधीच बंद केलंय, लॅमिंग्टन रोडला नुसतं नाव काढलं तरी दुकानदार मान हलवतात. विकणारा म्हणाला, "बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना स्टॉक आहे दादा, एकेक पीस टेस्टेड." बोलणं मुरलेल्या टेक्निशियनचं. बायसचा ट्रिमर (चिपचं व्होल्टेज बसवायचा छोटा स्क्रू) फिरवत स्कोपवर, म्हणजे लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, लाट वरखाली सारखी कापली जाईल तिथे थांबायचं, हेही त्याने न विचारता सांगितलं. असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? त्यात गणपतीआधी ऑर्केस्ट्रावाल्यांचे एको द्यायचे होते.

पण माल चालतो हे दाखवायला त्याने पाठवलेला व्हिडिओ! तो आठवला की अजून डोकं फिरतं. स्कोपवर क्लॉक (चिपमधून आवाज पुढे ढकलणारे ठोके) 40 किलोहर्ट्झ स्वच्छ दिसत होता आणि आवाज येत होता पाव सेकंदाच्या एकोचा. या आयसीत आवाज 4096 टप्प्यांतून सरकत जातो. टप्प्यांना क्लॉकच्या दुपटीने भागा की एकोचा उशीर निघतो, 40 किलोहर्ट्झला 51 मिलिसेकंद येतात. 200 हवे असतील तर क्लॉक 10 वर आणावा लागतो. म्हणजे आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी डिजिटल युनिटचा होता. हे गणित मी रोज करतो, पण मोबाईलच्या स्पीकरवर एको ऐकताना स्कोपचे आकडे कोण तपासत बसतं?

माल आला. छपाई कोरी करकरीत, सगळ्यांवर एकच डेट कोड (बनवल्याच्या तारखेचा आकडा). 15 व्होल्टवर बायस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, बाहेर फक्त क्लॉकची शिट्टी. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर काळा थर निघून आला, खाली पॉलिश पेपरचे ओरखडे आणि दुसऱ्याच नंबरचे अवशेष. पहिला नग हातात आला की आधी अ‍ॅसिटोन, मग सोल्डरिंग.

पोलीस ठाण्यात साहेबांचा पहिला प्रश्न, "मोबाईलचा पार्ट का?" मग, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." खोटा नंबर छापून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? पुसलेला आयसी टेबलावर ठेवला, त्यांनी हातसुद्धा लावला नाही. सायबरवाल्यांकडे पाठवलं, तिथून परत ठाण्यात. बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकलात. खातं गोठवा म्हणून लेखी अर्ज दिला, त्यावर नुसता शिक्का मारून मिळाला. तोवर त्या खात्यात काय उरणार? मी भीक मागत नव्हतो, माझे पैसे मागत होतो.

पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाणं नंतर. आगाऊ रक्कम देऊ नका, एक नग मागवून स्वतः बोर्डावर लावा. व्हिडिओ मागाल तर क्लॉक तुमच्यासमोर बदलायला लावा, एकोची लांबी त्याबरोबर बदलली पाहिजे. याच नंबरचे नव्याने बनवलेले आयसी मिळतात, ते घ्या.

तो माणूस आता नव्या मोबाईल नंबरवरून तोच व्हिडिओ पाठवतोय. हिरवा कटिंग मॅट, डाव्या कोपऱ्यात स्कोप, क्लॉक 40 किलोहर्ट्झ. आला तर स्क्रीनशॉट आणि त्याचा यूपीआय आयडी जपून ठेवा, माझ्या तक्रारीला जोडायचाय.