भूतान-नेदरलँड्स तुलनेचा भिंतीवरचा तक्ता

बेळगावच्या खडेबाजारात मिळणारा हा तक्ता मराठी शाळांनी जरूर घ्यावा. दोन्ही देश एकाच प्रमाणावर छापलेत, हे फार मोलाचं. ध्रुवांकडचे देश फुगवून दाखवणाऱ्या नेहमीच्या मर्केटर नकाशात नेदरलँड्स भूतानच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. शेजारी बेळगाव जिल्हाही (१३,४१५ चौ. किमी) हवा होता. भूतान (३८,३९४) त्याच्या तिपटीला थोडा कमी, हे पोरांना लगेच कळलं असतं.

गडबड जमीनवापरात आहे. तक्त्यात नेदरलँड्सचं क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौ. किमी, तेही पाण्यासकट, पण शेतीचे ५४ टक्के निव्वळ जमिनीचे, म्हणजे सुमारे ३३,७०० चे. त्यामुळे गुणाकार करताना शेती चार हजार चौ. किमीनं फुगते. खाली पेनानं ‘जमीन ३३,७००’ लिहून घ्या. भूतानचं जंगल बरोबर दाखवलंय, सुमारे ७० टक्के. किमान ६० टक्के राखायची अट तिथल्या राज्यघटनेतच आहे.

खानापूरकडच्या पावसात साधा कागद फुगतो, लॅमिनेशनचाच घ्या.