पात्राच्या आवाजात लिहायचंय: पत्र बरं की रोजनिशी?

कादंबरी वाचून झालीय, पात्र ठरलंय, वही समोर आहे. पण पहिल्या ओळीत तारीख टाकायची की मायना लिहायचा इथे हात थांबलाय, अशा माणसासाठी हे लिहितोय. सांगलीत आमचं छोटं वाचनमंडळ आहे. विश्रामबागेत कुणा ना कुणाच्या घरी जमतो. वाचलेल्या कादंबरीवर नुसतं बोलण्यापेक्षा तिच्यातल्या एखाद्या पात्राच्या आवाजात काही लिहून आणायचं, अशी आमची रीत पडलीय. त्यामुळे दोन्ही प्रकार मी लिहिलेत, ऐकलेत त्याहून जास्त. हल्ली मी बहुतेक पत्रंच लिहितो. तरी रोजनिशीची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

रोजनिशीत पात्राला कुणाची भीड नसते. ज्याला मन मोकळं करायला माणूसच नाही, त्याला वहीच हवी. ‘कोसला’मधला पांडुरंग सांगवीकर घ्या. नेमाड्यांनी १९६३ च्या त्या कादंबरीत त्याच्या डायरीला जागा दिलीच आहे, आणि ती त्याला शोभते: तुटक नोंदी, मध्येच चिडणं, मध्येच विषय सोडून देणं. असा माणूस दोन पानी पत्र लिहीत बसेल असं वाटत नाही. सावकाश घडणारी गोष्टही रोजनिशीत छान उतरते. आमच्यातल्या एका बाईंनी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या मास्तरची दुष्काळातली रोजनिशी लिहिली होती. तारखा पुढे सरकताहेत, पाऊस येत नाही, आणि नोंदी हळूहळू आखूड होत जातात. ती वाचून झाल्यावर आटपाडीकडची मंडळी बराच वेळ बोलत राहिली. हा परिणाम एका पत्रात साधणं अवघड.

शिवाय रोज थोडं लिहायचा सराव करायचा असेल तर रोजनिशी सोयीची. चार ओळी लिहिल्या तरी नोंद होते. पत्राला काही निमित्त लागतं, शेवटही लागतो.

मग मी पत्रांकडे का वळलो? एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट मला अजून खुपते. रोजनिशीतलं पात्र तीन-चार नोंदींनंतर चिंतन करायला लागतं. ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू असो, ‘ययाति’तली देवयानी असो, बनगरवाडीचा कारभारी असो, रात्री सगळं निजानीज झाल्यावर सगळे एकाच सुरात आयुष्याबद्दल बोलू लागतात. एकदा आम्ही नावं झाकून नोंदी वाचल्या. कोणत्या कादंबरीतलं कोण, हे प्रसंगावरून ओळखता येत होतं, बोलण्यावरून नाही. लिहिणारा मात्र लगेच ओळखू येत होता. ही बँकेतल्या काकांची यमू, ही शाळेतल्या मॅडमची यमू.

माझ्या मते याचं कारण लिहिणाऱ्याच्या कुवतीत नाही, त्या प्रकारातच आहे. आपण मराठी माणसं समोर कोण आहे ते पाहून बोलतो. सासऱ्यांशी एक भाषा, धाकट्या दिराशी दुसरी, माहेरच्या मैत्रिणीशी तिसरी. समोरचा माणूस काढून घेतला की पात्राच्या बोलण्याचा आधारच जातो, आणि त्या रिकाम्या जागी लिहिणाऱ्याची स्वतःची भाषा येऊन बसते. पत्रात हे सहज होत नाही. पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं, ‘तीर्थरूप’ की ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार’ की ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. तिथे नातं पक्कं झालं की पुढचा आवाज बराचसा आपोआप लागतो.

‘ययाति’वर लिहिताना मला हे सर्वांत जास्त जाणवलं. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, त्यामुळे ही कादंबरी आमच्याकडे फिरून फिरून निघते. १९५९ च्या या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही स्वतःच्या तोंडून बोलतात. म्हणजे मनातलं बोलणं खांडेकरांनी आधीच भरपूर लिहून ठेवलंय. त्यांची रोजनिशी लिहायची म्हणजे त्याच विहिरीत पुन्हा पोहरा सोडायचा. पण शर्मिष्ठेनं देवयानीला पत्र लिहिलं तर? एकेकाळची मैत्रीण, वृषपर्व्याची राजकन्या, आणि आता तिचीच दासी. ती देवयानीला ‘तू’ म्हणेल की ‘आपण’? मी ‘आपण’पासून सुरुवात केली. लहानपणीची एक आठवण सांगता सांगता एका वाक्यात ‘तू’ आलं, आणि पुढच्याच वाक्यात तिनं स्वतःला आवरलं. शर्मिष्ठेचं सगळं दुखणं त्या दोन वाक्यांत आलं असं मला वाटतं. रोजनिशीत हा प्रश्नच उभा राहिला नसता. तीच देवयानी शुक्राचार्यांना लिहिते तेव्हा लाडावलेली लेक असते, शर्मिष्ठेला निरोप धाडते तेव्हा महाराणी. दोन पत्रं शेजारी ठेवली की मधला माणूस दिसतो.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’बद्दलही असंच. ती १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि सगळी यमूच्याच तोंडून आहे. यमूची रोजनिशी लिहायला घेतली की हरिभाऊंची नक्कल होते, ती कितीही मनापासून केली तरी. मुंबईहून मैत्रिणीला, दुर्गीला, लिहिलेलं यमूचं पत्र मात्र वेगळं काम करतं. त्या काळात दुर्गीचं पत्र तिच्या हाती पडायच्या आधी घरातलं कुणीतरी फोडणार, हे यमूला ठाऊक असणार. म्हणजे वरवर खुशालीचं आणि आत दुर्गीलाच कळेल असं लिहावं लागतं. नवऱ्याबद्दल सांगायचंय, पण त्याचं नाव घ्यायचं नाही. अशा अडचणी पात्राला बोलकं करतात. मोकळीक दिली की पात्र पसरट होतं, असा माझा अनुभव आहे. इतरांचा वेगळा असेल.

कारभाऱ्याचा विषय आला की मी जरा जास्तच बोलतो, कारण माणदेशाचा काही भाग आमच्याच जिल्ह्यात येतो आणि माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. धनगरवाडीच्या त्या म्हाताऱ्याच्या हातात टाक आणि वही देणं माझ्या मनाला पटत नाही. पण तो मास्तरकडून पत्र लिहून घेऊ शकतो. ‘मास्तर, म्होरं ल्हिवा, पाऊसपानी न्हाई, मेंढरं कुटं न्यावी ती उमगंना,’ असं तो सांगणार आणि मास्तर ते शाळेत शिकलेल्या भाषेत ‘कळविण्यास दुःख होते की’ असं उतरवणार. मधूनच एखादं वाक्य मास्तरला बदलणं जमत नाही, ते तसंच माणदेशी राहतं. एकाच कागदावर दोन आवाज आले. आमच्या मंडळात हे पत्र वाचलं तेव्हा नाव सांगायच्या आत दोघंही ओळखले गेले.

पत्रालाही खोडी आहेत. सगळ्यांत वाईट खोड ‘तुला आठवतच असेल’ ही. वाचकाला सांगायचं असतं म्हणून पात्र समोरच्याला माहीत असलेलंच सांगत बसतं. लांबलचक संवादही पत्रात खोटे वाटतात. कुणी घरच्या पत्रात अवतरणचिन्हं घालून भांडण लिहीत नाही. तरी या खोडी दुरुस्त होतात, नको ती वाक्यं खोडली की झालं. रोजनिशीतला तो एकसारखा सूर खोडून जात नाही, पूर्ण नोंद पुन्हा लिहावी लागते. कधीच न टाकलेलं पत्र हा मधला मार्ग बरेच जण घेतात. मला तो फारसा मानवत नाही. पत्र जाणारच नाही हे पात्राला ठाऊक असलं की त्याची भीड सुटते, आणि भीड सुटली की पुन्हा चिंतन सुरू होतं.

तेव्हा तुमचं पात्र खरोखर एकटं असेल, किंवा एखादा दुष्काळ, आजारपण, वाट पाहणं असं काही लांबत जाणारं दाखवायचं असेल, तर रोजनिशी घ्या. मी अडवणार नाही. बाकी बहुतेक वेळा मी पत्र सुचवेन. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात कुणी विचारलं तर मी आधी वामन मल्हार जोशींची ‘इंदु काळे व सरला भोळे’ वाचायला सांगतो. १९३४ ची ती कादंबरी पत्रांतूनच उलगडते. कोण कुणाला काय सांगतं आणि तीच गोष्ट दुसऱ्याला सांगताना काय गाळतं, याकडे पेन्सिल घेऊन लक्ष द्या. मग तुमच्या पात्राकडून दोन पत्रं लिहून घ्या, एकाच प्रसंगाबद्दल, एक थोरल्या माणसाला आणि एक बरोबरीच्याला. आणि थोरल्या माणसाच्या पत्रात जे लिहायचं धाडस झालं नाही, त्यातली एकच ओळ सही झाल्यावर ‘ता. क.’ म्हणून येऊ द्या.