फ्रान्सची टेक्नॉलॉजी आणि आमचा मागचा वाडा

ज्यांची जुनी टेनामेंट (बैठी घरं) आहेत आणि दर पावसाळ्यात मागच्या वाड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, पाणी तुंबतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. पाण्याचा निचरा करून देतो म्हणणाऱ्या एका माणसापायी आमचे ७१ हजार गेले. गेले ते गेलेच, पण तोच माणूस (किंवा त्याचा कोणी भाऊबंद) उद्या तुमची बेल वाजवू शकतो.

आमचं घर बडोद्यात मांजलपूरला, १९८८ सालचं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा वाडा रस्त्यापेक्षा वीतभर उंच होता, असं सासूबाई सांगतात. पुढे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले, जुना थर काही कोणी खरवडला नाही. मग मागच्या पटेलकाकांनी घर पाडून नवं बांधलं आणि प्लॉटमध्ये दोन फूट भराव घातला. मधल्या मध्ये आमच्या वाड्याचं तसराळं झालं. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगून त्या अशा मिटतात की थेंब आत जाईल तर शपथ. ३१ जुलै २०१९ चा पाऊस किंवा २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्री नदीचा पूर, त्याबद्दल मी बोलत नाहीये. तेव्हा अर्धं बडोदंच पाण्यात होतं, वाड्याला काय नावं ठेवायची! आमचं दुखणं साध्या तासाभराच्या पावसाचं. पाऊस थांबला तरी तीन-तीन दिवस पाणी हलायचं नाही. अनंताचं झाड मुळाशी कुजून गेलं. आणि मागच्या श्रावणात आई, म्हणजे सासूबाई, तुळशीला पाणी घालायला गेल्या त्या शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं.

त्यानंतर मी इरेला पेटले. पुढचा पाऊस यायच्या आत काम झालंच पाहिजे. अशा वेळी माणूस चार ठिकाणी विचारत नाही, जो आधी येतो त्याला धरतो.

तो आला मे महिन्यात, मोबाइलवरच्या जाहिरातीतून. इस्त्रीचा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं नाव, हातात टॅब. आईंच्या पाया पडला. मग बॅगेतून एक पिवळं यंत्र काढलं, पुढे दोन सुया असलेलं. त्या सुया मागच्या भिंतीच्या गिलाव्यात टोचल्या तर ते कुईकुई ओरडायला लागलं. आकडा आला ९२. "बेन, आ तो पाया सुधी पहोंची गयुं छे." ओल पायापर्यंत पोचली म्हणे. माझ्या पोटात गोळा. ते यंत्र मुळात लाकडातला ओलावा मोजायचं असतं आणि गिलाव्यात खार असला की आकडा भलताच चढतो, हे मला नंतर कळलं. मे महिन्यात, कोरड्या भिंतीवर, ९२! तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याने तीन भाव सांगितले. साधं काम २८ हजार, मधलं ७१ हजार, पंपासकट दीड लाखाच्या आसपास. आपण साडी घेतानाही मधलीच घेतो. तर मधलं काम म्हणजे फ्रेंच ड्रेन आणि त्याच्या टोकाला शोषखड्डा (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा). "फ्रान्सनी टेक्नॉलॉजी छे, बेन. दस वरसनी गॅरंटी."

जाता जाता सांगते, त्यातलं फ्रेंच हे आडनाव आहे. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८५९ साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांच्यावरून ते नाव पडलं. फ्रान्सचा काडीचा संबंध नाही. पण प्रकार वाईट नाही, नीट केला तर. चर खणायचा, त्याच्या तळाला एका बाजूला उतार द्यायचा, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरायचं (त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात), त्यावर धुतलेली खडी, मध्ये भोकं पाडलेला पाइप, पुन्हा खडी, वरून कापड दुमडून घ्यायचं. आणि पाइपचं दुसरं तोंड खालच्या अंगाला कुठेतरी मोकळं सुटलं पाहिजे. ते सुटत नसेल तर बाकी सगळा थाट फुकट.

काम झालं गुरुवार-शुक्रवारी. मी बँकेत, हे अंकलेश्वरला, घरी एकट्या आई. त्यांनी म्हणे विचारलं होतं, हे कापड आहे का प्लॅस्टिक? पोरं "हा माजी, हा माजी" म्हणत राहिली. मी संध्याकाळी आले तेव्हा सगळं बुजवून, वर लॉनचे तुकडे बसवून, पाणी मारून तयार. घराजवळच्या कोपऱ्यात एक पांढरी जाळी, तेवढीच दिसत होती. त्याने वाड्याचे आणि तुळशीवृंदावनाचे दहा-बारा फोटो काढले. ३६ हजार मी आधी यूपीआयने दिले होते, उरलेले ३५ रोख घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर. मी म्हटलं, राहू दे मग. हा हावरटपणा माझाच, त्याचं खापर त्याच्यावर फोडत नाही.

पहिला चांगला पाऊस जूनच्या शेवटी. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी जाळीत गेलं. मी खिडकीतून आईंना हाका मारून दाखवतेय, बघा बघा! मग जाळीतून बुडबुडे आले. मग आत गेलेलं पाणी बाहेर यायला लागलं. सकाळी वाडा नेहमीसारखाच भरलेला, उलट घराच्या पायाशी पूर्वी नव्हतं तिथेही पाणी. फोन केला तर "माटी सेट थवा दो, बेन." म्हणजे माती बसू दे. जुलैत म्हणाला, तुमच्याकडे पाणी जास्त आहे, ४० हजारांचा पंप बसवावा लागेल. ऑगस्टपासून फोन उचलणं बंद.

शेवटी दांडिया बाजारातून मामाला बोलावलं. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होता, आता ७६ चा आहे. आधीच का नाही बोलावलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याला त्रास कशाला, असं काहीतरी डोक्यात होतं. तो स्कूटरवरून उतरला आणि वाड्याकडे न बघता वर गच्चीकडे बघत उभा राहिला.

"अगं, गच्चीचे दोन्ही पाइप वाड्यातच सोडलेत की!"

तीस-पस्तीस वर्षं सोडलेले होते. कोणाला खटकलंच नव्हतं. मामाने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ९०० चौरस फूट, म्हणजे साधारण ८४ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर ४२०० लिटर, आणि हे नुसतं गच्चीचं. शोषखड्डा चार बाय चार, खोली सहा फूट, म्हणजे ९६ घनफूट, २७०० लिटर. तो विटांच्या रोड्यांनी भरला की पाण्याला जागा उरते चाळीसेक टक्के, धरा ११०० लिटर.

"पाव तासात पोट भरलं त्याचं. मग ओकला."

भरलेला खड्डा जमिनीत मुरून रिकामा झाला असता तर गोष्ट वेगळी. ते बघायला मामाने वाड्यात पहारीने फूटभर खोल खड्डा केला, संध्याकाळी पाण्याने भरून ठेवला, सकाळी पुन्हा भरला आणि आमच्या मुलाची फूटपट्टी त्यात उभी केली. सेप्टिक टँकच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०, त्यात हीच चाचणी आहे. २५ मिलिमीटर पाणी उतरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तिथे शोषखड्डा करायचा नाही. आम्ही खुर्च्या टाकून बसलो. दोन चहा झाले. तासाभरात पाणी चार मिलिमीटरसुद्धा धड उतरलं नाही. या चाचणीला खर्च शून्य, पण त्या टी-शर्टवाल्याच्या बॅगेत फूटपट्टी नव्हती.

मग मामाने आईंकडून कपड्यांची नीळ मागितली. बादलीभर पाण्यात कालवून जाळीत ओतली, वर आणखी चार बादल्या साधं पाणी, आणि मला रस्त्यावरच्या पावसाळी गटारीच्या चेंबरपाशी उभं केलं. पाइप तिथे जोडला आहे, असं तो माणूस शपथेवर म्हणाला होता. मी अर्धा तास चेंबरमध्ये वाकून बघतेय आणि येणारे-जाणारे माझ्याकडे. निळा थेंब आला नाही.

दुसऱ्या दिवशी कडियाला (गवंड्याला) बोलावून उकरलं. कंपाउंडच्या भिंतीच्या अलीकडे तीन फुटांवर पाइप संपला होता. तोंडात सिमेंटच्या पिशवीचा बोळा, त्याच्यापुढे घट्ट काळी माती. भोकं फक्त जाळीपासच्या दोन फुटांना, बाकी पाइप बिनभोकांचा. खडीच्या जागी कोणाच्या तरी बाथरूमचा मलबा, निळ्या टाइलचे तुकडे चिकटलेले. आणि कापड म्हणून काळं प्लॅस्टिक, ताडपत्रीसारखं, म्हणजे जमिनीतलं पाणी चरात शिरायची सोयच नाही. कडियाने पाणसळ लावली, ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. उतार होता. दोन बोटं. घराकडे.

एवढा वेळ मी स्वतःला सांगत होते की काम हलकं झालं असेल, माल कमी वापरला असेल. पण मी ७१ हजार देऊन वाड्यातलं पाणी पायाशी आणून घेतलं होतं. तिथेच ओट्यावर बसले.

मामा ओरडला नाही. एवढंच विचारलं, "पाणी येतं कुठून, हे त्याने तुला विचारलं होतं का? जाणार कुठे, हे तरी?" दोन्ही नाही. त्याने फक्त बजेट विचारलं होतं.

पुढचं काम २३ हजारांत झालं. गच्चीचे दोन्ही पाइप बाजूने फिरवून पुढे नेले आणि सोसायटीच्या पावसाळी लाइनला जोडले. संडास-बाथरूमच्या चेंबरला जोडू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. मोठ्या पावसात ते चेंबर भरतं आणि सगळं उलटं घरात येतं. मागच्या भिंतीला लागून उघडी नाली केली, वर उचलता येणारी जाळी, उतार शंभराला एक. आमच्या ३६ फुटांना साधारण सव्वाचार इंच. ते शक्य आहे का, हे आधी रस्त्यावरचं चेंबर उघडून त्याच्या तळापर्यंत मोजून घेतलं. घराच्या पायापासून दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला येईल अशी माती सारखी केली. पटेलकाकांनीही त्यांचा एक पाइप वळवला, चहा-ढोकळ्यावर. एक कोपरा अजून ओला राहतो. तिथे आईंनी अळू लावलंय आणि ते असं माजलंय की सोसायटीभर वाटून उरतं.

मामाचं एक सांगणं इथे टाकते. ओल एप्रिल-मेमध्येही असेल तर पावसाला दोष देऊ नका, आधी रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर फिरतंय का ते बघा, नाहीतर टाकीची पातळी खूण करून ठेवा. फुटलेली लाइन असते.

आणि माझं एक. चर बुजवायच्या आत, तुमच्या डोळ्यांसमोर, एका टोकाला ओतलेलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडलं पाहिजे. ते दिसेपर्यंत माती लोटू देऊ नका. रजा पडली तरी चालेल. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर, आणि हे आधीच लिहून घ्या. जो याला तयार होत नाही, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तक्रार केली आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे ३६ हजारांची यूपीआयची नोंद आहे, व्हॉट्सअॅपवरची बोलणी आहेत, उकरतानाचे फोटो आहेत. ३५ हजार रोख दिल्याचा कागद नाही. गॅरंटी कार्डावर पत्ता म्हणून फक्त "वडोदरा" छापलंय, हे कार्ड हातात घेतलं तेव्हा मी वाचलं नव्हतं.

मला त्याने ब्लॉक केलंय. पण परवा आमच्या भाचीने त्याचं स्टेटस दाखवलं. त्यात "हॅपी कस्टमर" म्हणून आमचाच वाडा आहे, हिरवागार लॉन, कोपऱ्यात आईंचं तुळशीवृंदावन. तुमच्यापैकी कोणाला त्याने तो फोटो पाठवला तर नीट बघा. तुळशीवर उन्हासाठी पंचा बांधलेला दिसेल. मे महिना आहे.