ईस्टरचा गुच्छ: फुलं ताजी, कार्डावर मात्र चुका

कोल्हापूरच्या महाद्वार रोडजवळच्या एका फुलांच्या दुकानात ईस्टरच्या आठवड्यात पांढऱ्या फुलांचा गुच्छ मिळतो, सोबत नावांचे अर्थ छापलेलं कार्ड. गुच्छ जरूर घ्यावा. कार्ड जपून वाचावं.

पहिली गफलत 'लिली'ची. कोल्हापुरात नुसती लिली मागितली की हारात ओवायच्या कळ्यांची जुडी पुढे येते. ती स्पायडर लिली, कुळाने नर्गिसच्या जवळची. कार्डावरची ईस्टर लिली म्हणजे लिलियम लाँगिफ्लोरम, मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. लाँगिफ्लोरम म्हणजे लांब फुलाची. म्हणून 'लिलियमची काडी' मागा. खालची एक कळी पांढरी होऊन फुगलेली आणि बाकीच्या हिरवट, अशी काडी निवडा. सगळ्याच घट्ट हिरव्या असतील तर बऱ्याच न उमलताच पिवळ्या पडतात. देठ दोन सेंटिमीटर तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. फूल उघडताच पुंकेसर चिमटीने खुडा, नाहीतर पराग सांडून वेदीवरचं पांढरं कापड खराब होतं. डागाला पाणी लावलं की तो पसरतो. चिकटपट्टीने अलगद उचलायचा.

निशिगंधाच्या 'ट्यूबरोझ' नावाचा अर्थ कार्डावर 'नळीचा गुलाब' असा दिलाय. साफ चूक. लॅटिन ट्यूबरोसा म्हणजे गड्डे असलेली. गुलाबाचा काही संबंध नाही. आपली 'गुलछडी' किती नेमकी आहे!

'ईस्टर' हे देवीचं नाव, एवढंच सांगून कार्ड थांबतं. बीड या इंग्रज मठवासीयाने इ.स. ७२५ च्या सुमारास एओस्त्रे देवीचा उल्लेख केला, सगळी भिस्त त्यावरच आहे. युरोपातल्या बहुतेक भाषांत सणाचं नाव 'पेसाख' या ज्यूंच्या सणाच्या हिब्रू नावावरून आलंय. मराठी बायबलात पेसाखलाच 'वल्हांडण' म्हणतात, म्हणजे ओलांडून जाणं. उपासनेत कानावर पडणारा हा शब्द कार्डावर हवाच होता.

कृष्णकमळाचा मजकूर मात्र सुरेख. पॅशन फ्लॉवरमधलं 'पॅशन' म्हणजे ख्रिस्ताच्या यातना: तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, भोवतीचे तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट. त्याच फुलात आपल्याकडे तंतूंना कौरव, पाचांना पांडव आणि तिघांना ब्रह्मा-विष्णू-महेश मानतात. दोन्ही वाचनं शेजारी छापली आहेत. फक्त हे फूल गुच्छात घालू नका म्हणून सांगा. उमललेलं कृष्णकमळ जेमतेम एक दिवस टिकतं.