कप्स आणि लेझर प्रिंटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नऊ महिन्यांपासून आमच्या वाचनालयाच्या संगणकावर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली आहे आणि त्याला जोडलेल्या लेझर प्रिंटरची सर्व सूत्रे 'कप्स' या छपाई सांभाळणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीच्या हाती आहेत. सभासदांच्या ए-५ आकाराच्या पावत्या, पत्रव्यवहार आणि पाठपोट छापायचा वार्षिक अहवाल, एवढेच आमचे काम. पण ते रोजचे आहे आणि पावतीसाठी सभासद समोर उभा असतो.

सुरुवातीचे दोन आठवडे कागदाच्या आकाराने छळले. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये अमेरिकन 'लेटर' आकार होता, जो ए-४ पेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आणि ६ मिलिमीटर रुंद असतो. प्रिंटर दिवा लुकलुकवत त्या कागदाची वाट पाहत थांबे. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून पुढे ६३१ हा पोर्ट क्रमांक दिला की कप्सचे व्यवस्थापनाचे पान उघडते. तेथे मी ए-४ निवडले. ग्रंथपाल ताईंच्या खात्यातून पत्रे नीट निघू लागली, माझ्या खात्यातून मात्र दिवा लुकलुकतच राहिला. कारण शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मी पूर्वी एकदा छपाईचे पर्याय ठरवणारी 'एलपीऑप्शन्स' ही आज्ञा वापरून पाहिली होती आणि तिने माझ्या होम फोल्डरमधील एका लपलेल्या फाइलीत 'लेटर'ची ओळ लिहून ठेवली होती. वापरकर्त्याची अशी नोंद सर्व्हरच्या, म्हणजे कप्सच्या सर्वांसाठीच्या, नोंदीवर मात करते. ती ओळ काढताच प्रश्न मिटला. सेटिंग कोठे साठवले आहे, सर्व्हरवर, वापरकर्त्याच्या खात्यात की छपाईच्या चौकटीत, हे आधी पाहावे, असे मी प्रत्येक नव्या वापरकर्त्याला आग्रहाने सांगतो.

दुसरी अडचण विजेची. लेझर प्रिंटर यूपीएसवर चालवू नये, म्हणून वीज गेली की संगणक चालू राहतो आणि प्रिंटर मध्येच बंद पडतो. वीज परत आल्यावरही छपाई होत नसे, कारण त्रुटी आल्यावर काय करायचे या धोरणात 'प्रिंटर थांबवा' हा पर्याय होता आणि छपाईसाठी पाठवलेल्या कामांची रांग तशीच गोठून राही. ताई तीच पावती पुन्हा पुन्हा पाठवत, आणि मी रांग सुरू केली की एकाच सभासदाच्या चार पावत्या बाहेर पडत. मिंटमधील प्रिंटरच्या खिडकीत धोरणांच्या भागात जाऊन 'काम पुन्हा करून पाहा' हा पर्याय निवडला. त्यानंतर कप्स सहसा दर ३० सेकंदांनी स्वतःच प्रयत्न करते. पावसाळाभर वीज कितीतरी वेळा गेली, पण रांग हाताने सुरू करावी लागली नाही.

मला सर्वाधिक आवडलेली सोय म्हणजे एकाच प्रिंटरच्या दोन रांगा. एक पावतीची, ए-५ आणि एकपाठी. दुसरी अहवालाची, ए-४ आणि लांब कडेवर उलटणारी पाठपोट. ताईंना आता फक्त नाव निवडावे लागते. टोनर वाचवण्याचा पर्याय पावतीच्या रांगेतून मी काढून टाकला, कारण बारीक अक्षरात 'कृ'चा ऋकार आणि डोक्यावरचा रफार फिकट होऊन नावे वाचता येईनाशी झाली होती. टोनर थोडा अधिक लागतो. सभासदाचे नाव शुद्ध छापले जाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली २००७ मध्ये अॅपलने विकत घेतली. आज तिचा विकास ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प करतो. यापुढे ड्रायव्हरविना, म्हणजे प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळे सॉफ्टवेअर न बसवता, छपाईवर भर आहे आणि प्रिंटरच्या क्षमतांचे वर्णन करणाऱ्या जुन्या पीपीडी फाइली हद्दपार होणार आहेत. आमचा प्रिंटर जुना असल्याने त्याला उत्पादकाचाच ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना मला दोनदा अपयश आले. म्हणून नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे ड्रायव्हरविना छपाईची सोय दर्शवणारे शब्द आहेत का, ते पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे.