लापुआ पाल्मा ब्रास आणि रिलोडिंगचं सामान: अख्खा सीझन वापरल्यानंतर

उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी (ब्रास किंवा केस) घरी परत भरणं म्हणजे रिलोडिंग. पुंगळी दाबून मापात आणायचा साचा म्हणजे डाय, त्यातली जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन तुटली आणि त्यावरून दुकान-कंपनीशी जी ईमेलबाजी झाली, त्यामुळे हे लिहायला घेतलंय. .308 या काडतुसाची मापं, केस ट्रिम किती करायची (वाढलेली लांबी कापायची) वगैरे तुम्हाला पाठ असणार, ते परत सांगत नाही. मी ओहायोत असतो, क्लबात 600 यार्डांवर एफ-टीआर (रायफल बायपॉडच्या टेकूवर ठेवून लांबचं मारायचा प्रकार) मारतो, जमेल तेव्हा हजार यार्डांची मॅच. पाल्मा ब्रास सीझनच्या सुरुवातीला घेतला, म्हणजे लहान रायफल प्रायमरवाला, निळ्या डब्यात शंभर येतात तो.

आधी पिनचंच सांगतो. या ब्रासचं फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी पावडरपर्यंत जाते ते भोक) दीड मिलिमीटरचं असतं, नेहमीच्या .308 ब्रासचं दोन. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण नेहमीची पिन त्यातून जात नाही. हे मला आधीच माहिती होतं म्हणून डाय मागवताना दुकानाला मुद्दाम विचारलं, बारीक पिन येते का, त्यांनी लेखी कळवलं की येते. आली जाडीच. प्रेसची (डाय ज्यात बसते त्या दाबयंत्राची) लिव्हर खाली ओढली की जुना प्रायमर टक् करून खाली पडतो ना, तसं न होता लिव्हर मधेच घट्ट झाली, जोर न लावता हळूच वर घेतली तर पिन वाकडी होऊन होलमध्ये रुतलेली, आणि केस निघताना तिचं टोक आतच राहिलं. दुकान म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पिन झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, पाहिजे तर पिनांचं पाकीट विकत घ्या. पाकीट स्वस्त आहे हो, पण त्यावर शिपिंग पाकिटाहून जास्त! अरे पण माझी पिन झिजली नाहीये, तुम्ही चुकीची पाठवलीत! डायच्या डब्यावर पिनची जाडी छापायला काय जातं यांचं? शेल होल्डरचा (केस बुडाला धरणाऱ्या भागाचा) नंबर छापतात, हे का नाही? ज्यांना 6.5 क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाचा लापुआ ब्रास घ्यायचाय त्यांनीपण हे लक्षात ठेवा, तिथेही लहान प्रायमर आणि तेच बारीक होल. पैसे देण्याआधी पिनचं माप आकड्यात लिहून घ्या, नुसतं 'येते' यावर थांबू नका.

आता ब्रासबद्दल. एका केसला डॉलरच्या वर पडतात, घेताना जीव वरखाली होतो हे खरं. पण त्याआधी मी लेक सिटी या अमेरिकन लष्करी काडतूस कारखान्याच्या वापरलेल्या पुंगळ्या घेतल्या होत्या, स्वस्त म्हणून. त्यांच्या प्रायमर पॉकेटला (प्रायमर बसतो त्या खळग्याला) लष्करी क्रिंप, म्हणजे प्रायमर पक्का धरायला दाबलेली कड, असतो, तो प्रत्येक केसचा रीमरने काढा, त्यातल्या बऱ्याच मशीनगनमधून उडालेल्या असतात म्हणून ताणलेल्या, मग साइझ करताना (डायमध्ये दाबून मापात आणताना) माझा खांदा दुखतो. शिवाय भिंत जाड, आत जागा कमी, त्यामुळे कमर्शियल केसचा लोड (पावडरचं प्रमाण) तसाच उचलून त्यात चालत नाही, कमी पावडरपासून सुरुवात करून परत वर यावं लागतं. आणि इतकं करून चार-पाच लोडनंतर काहींचे पॉकेट सैल. मी हातातल्या टूलनेच प्रायमर बसवतो, अंगठ्याला लगेच कळतं, चांगल्या पॉकेटमध्ये तो शेवटपर्यंत अडून अडून बसतो, सैल पॉकेटमध्ये लोण्यात गेल्यासारखा जातो. तशी केस मी तिथल्या तिथे चिमट्याने चेपून भंगारच्या डब्यात टाकतो, परत चुकून वापरात यायला नको. पाल्माचं एकही पॉकेट अजून तसं लागलेलं नाही. केसच्या किमतीला ती किती वेळा भरली त्याने भागा, स्वस्त ब्रास महाग पडतो.

पण एक मत मला मधेच बदलावं लागलं. उन्हाळाभर मी क्लबात सगळ्यांना सांगत होतो की घ्यायचा तर लहान प्रायमरचाच घ्या. प्रायमरभोवती जास्त धातू उरतो, पॉकेट टिकतं, आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग एकमेकांना चिकटून येत होते. हजार यार्डांवर वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला तर गोळी साधारण अर्धा फूट खाली-वर जाते आणि दहाची रिंग सगळी मिळून दहा इंचांची, त्यामुळे मी खूशच होतो. नोव्हेंबरात गारठा पडला आणि तोच लोड विस्कटला, आकडे पसरले, मधेच एखादी गोळी फारच हळू. थंडीत लहान प्रायमरला .308 एवढी पावडर एकसारखी पेटवायला जड जातं ही तक्रार जुनी आहे, मला ती उगाच वाटायची. आता हिवाळ्याच्या सरावाला मोठ्या प्रायमरचा लापुआ वेगळा ठेवलाय, त्याचा लोड अर्थात नव्याने, खालपासून चढवत बसवला. मॅचेस उन्हाळ्यात असतात, तेव्हा पाल्माच.

प्रेसवर फार खर्च करू नका. माझा जुना सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणारा) रॉक चकर प्रेस आहे, सेकंडहँड घेतलेला, लोखंडाचा ठोकळा आहे नुसता, त्याला काय होणारे. फॉर्स्टरचा को-अ‍ॅक्स मित्राकडे वापरून बघितला, डाय पटकन सरकवता येतात आणि शेल होल्डर बदलायची कटकट नाही, मजा येते, पण टार्गेटवर फरक दिसला नाही. पावडर मोजायच्या तराजूत मात्र कंजूसपणा नको. स्वस्त डिजिटल काटा बेसमेंटमधला हीटर चालू झाला की शून्यावरून सरकतो, म्हणून मी परत बीमच्या (दांडीच्या) काट्यावर आलो, हळू आहे पण खोटं बोलत नाही.

आणि शोल्डर (केस तोंडाकडे निमुळती होते तो उतार) कुठे आहे ते मोजायचा कंपॅरेटर घ्याच. बोल्ट रायफलला शोल्डर इंचाचा एक-दोन हजारांश मागे ढकलला की पुरतं. डाय नुसता शेल होल्डरला टेकवून बसवला आणि मोजलंच नाही तर शोल्डर उगाच जास्त मागे जातो, मग दर फायरला पितळ बुडाच्या वर ताणून पातळ होतं आणि एक दिवस केस तिथेच फाटते. पेपरक्लिप सरळ करून टोक जरा वाकवा आणि केसच्या आतून भिंतीवर खालून वर ओढा, बुडाजवळ खाच लागली की ती केस बाद. पाल्मात अजून कुठे खाच लागलेली नाही.

तिकडे पुण्या-कोल्हापूरचे ओळखीचे नेमबाज विचारतात, आम्ही पण करू का. त्यांचं 50 मीटरचं सगळं .22 वर, त्याच प्रकारची रायफल जिच्यावर स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. ते रिमफायर, प्रायमरचा मसाला काठातच असतो, ते रिलोड होत नाही. आणि भारतात काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे तो विषयच सोडा.

राहिलं अ‍ॅनीलिंग. म्हणजे कडक झालेलं पितळ तापवून परत मऊ करणं. लापुआच्या नव्या केसच्या नेकवर (गोळी धरणाऱ्या तोंडावर) निळसर-सोनेरी डाग दिसतो, तो कारखान्यात नेक तापवल्याचा, तो खराबी समजून परत पाठवू नका. दर फायरला आणि साइझिंगला पितळ कडक होत जातं, चार-पाच लोडनंतर माझ्या हाताला बुलेट बसवताना जोर कमी-जास्त लागायला लागला. एका क्लबमित्राकडे विजेवर केस तापवायचं इंडक्शन मशीन आहे, त्यावर सगळ्या केस एकदा फिरवून आणल्यावर बुलेट परत एकसारखी बसायला लागली. मशीन भारी आहे, पण स्वतःचं घेणार नाही. तेवढ्या पैशांत ब्रासचे कितीतरी डबे येतात, आणि मित्राला त्याच्या बदल्यात त्याच्या केस ट्रिम करून देतो, त्याला ते काम अजिबात आवडत नाही.