शेरू आणि तिकोना एकाच चौकटीत: २४ मिमी की ८५ मिमी?

धाकटी मावसबहीण अडकली आहे. पवनेच्या काठावर तिच्या कुत्र्याचा, शेरूचा, फोटो काढायचा, मागे तिकोना गड हवा. तिच्या फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४ मिमी लेन्स (वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी) घ्यावी की ८५ मिमी (दूरचं मोठं दाखवणारी)?

डोंगरासाठी ८५च. २४ने शेरू मोठा दिसावा म्हणून दीड मीटरवर जावं लागतं आणि गड मागे टेकाडाएवढा उरतो. ८५ लावून पाच-सव्वापाच मीटरवर उभं राहिलं की शेरू तेवढाच राहतो, गड मात्र साडेतीन पट मोठा! खरी किमया अंतराची आहे. फक्त अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवू नका, गड धुक्यासारखा विरघळतो. एफ ८, म्हणजे छिद्र बरंच लहान, हे बरं.

चेहरा? २४ घेऊन अगदी जवळ गेलं की नाक फुगतं, कान लहान होतात. मला ते पिल्लांनाच शोभतं असं वाटतं.

कष्ट मात्र ८५ला जास्त. पट्टा धरायला दुसरं माणूस हवंच, पाणी जवळ आहे. २४ला पट्टा आपल्याच हातात राहतो.

खर्चाचं सोपं आहे: बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुलफ्रेमच्या हिशेबाने २४-२६ मिमीच्या आसपासच असतो, म्हणजे वाइड तिच्या खिशात आहेच.

एकटं फिरणाऱ्याला, चुळबुळ्या पिल्लाला फोन पुरे. सांगितल्यावर बसून राहणारा कुत्रा आणि सोबतीला कुणी असेल तर ८५. शेरू बसतो, भाऊजी सोबत असतात. तिने सेकंडहँड ८५ घ्यावी आणि गवतात पोटावर झोपून शेरूच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढावा.